पितळेतले खडे

"काय रे, तांदूळ निवडतोयस का?" आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

टेक्सासमधला मामेभाऊ टेबलावर वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचा ढीग घेऊन बसला होता. "हो आजी, खडेच काढतोय," तो म्हणाला. आजी उठून गेली. मी मात्र तिथेच अडकले.

त्याचं रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल या प्रकारच्या काडतुसाचं. वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं तो स्वतः तयार करतो. आधी कंपनीच्या शिक्क्याप्रमाणे पुंगळ्या वेगळ्या करायच्या, मग कॅलिपरने एकेकीची लांबी मोजायची. कारण पुंगळीची कड गोळीवर दाबून बसवतात आणि ती पकड लांबीवर ठरते. लांब असेल तर घट्ट, आखूड असेल तर सैल. पकड बदलली की दाब आणि गोळीचा वेगही बदलतो. फारच सैल असेल तर बार उडाल्याच्या धक्क्याने शेजारच्या काडतुसातली गोळी पुढे सरकून काडतुसांचं फिरतं सिलिंडरच अडकू शकतं.

"मग नेम सुधारला का दादा?"

"वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तर फरक दिसतो. नुसत्या हातात धरलं की पुंगळीपेक्षा माझाच हात जास्त चुकतो."

तरी तो निवडतोच. मला हे फार आवडलं.

आपल्या नाशिकमध्येही एअर पिस्तुलवाली मुलं ४.५ मिमीचे छर्रे एकेक करून बघतात, कड दबलेला बाजूला ठेवतात. त्यांना "यानं किती गुण वाढतील?" असं विचारू नये असं मला मनापासून वाटतं. क्रीडामानसतज्ज्ञ भीष्मराज बाम सरांनी याच शहरात राहून नेमबाजांच्या मनावर काम केलं. हात आणि मन शांत करायला ही निवडानिवडही मदत करत असेल ना?

इथल्या नेमबाजांनो, तुमचा अनुभव काय?