गरम झाली की मरते

क्लासिक स्पोर्ट्स कारवाल्यांच्या शनिवार-रविवारच्या सहलीत मी मेकॅनिक म्हणून ताफ्याच्या शेवटी असते. माझी गाडी जुनी नाही आणि देखणी तर मुळीच नाही. मागे हत्यारांच्या पेट्या, दोन जॅक, पेट्रोलचा कॅन, टोचनचा दोर, रबरी पाइपचे तुकडे, क्लिपा, वायरची भेंडोळी आणि कधीतरी कुणाला लागलं होतं म्हणून जपून ठेवलेलं बरंच भंगार. गॅरेजात मालक गाडी सोडून घरी जातो. इथे तो बॉनेटखाली माझ्या शेजारीच वाकलेला असतो, आणि त्याच्या मागे आणखी सहा-सात जण आपापलं निदान घेऊन उभे असतात. या कामातला खरा त्रास तोच. गाड्यांचं काही नाही, त्या बिचाऱ्या खोटं बोलत नाहीत.

या खेपेला एक एमजीबी, एक मिजेट, ट्रायम्फ टीआर४, स्पिटफायर, लोटस एलान, एअर-कूल्ड पोर्शे ९११, डॅटसन २४०झेड आणि जॅग्वार ई-टाइप एवढी मंडळी होती. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या एका जागी जमल्या आणि माझी फेरी सुरू झाली.

इंजिनाकडे मी शेवटी बघते. आधी टायर. या गाड्या वर्षभरात फारशा धावत नाहीत, त्यामुळे नक्षी कोरी करकरीत आणि रबर मात्र कडक झालेलं, असं हमखास सापडतं. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चाराऐवजी तीनच आकडे दिसले, तर टायर गेल्या शतकातला. मग तारांची चाकं. छोट्या पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारत चाकाभोवती जायचं. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला थपकन.

स्पिटफायरच्या मालकाला विचारलं, "पुढच्या ट्रनियनमध्ये काय भरलंय?" तर म्हणाले, "ग्रीस. अगदी भरपूर!" ट्रनियन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा सांधा. तिथे ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आटे आतून गंजतात, आणि एखाद्या वळणावर पुढचं चाक चक्क आडवं होतं. तिथेच उकिडवी बसून दोन्ही बाजूंना ऑइल भरलं. ९११ चा नवा मालक थंड इंजिनावर डिपस्टिक बघून ऑइलचा डबा हातात घेऊन उभा होता. त्याचा हात धरला. ड्राय संपच्या, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी असलेल्या, इंजिनाची लेव्हल गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आणि चालू ठेवूनच बघायची असते. थंड असताना टाकीतलं ऑइल खाली इंजिनात उतरलेलं असतं; डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस ओतत सुटतो आणि दुसऱ्या दिवशी मागे धुराचे लोट.

एमजीबीचे मालक मात्र निर्धास्त होते. त्यांची गाडी १९६६ ची. म्हणजे १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि अर्थिंग पॉझिटिव्हला, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. "मॅडम, यावेळी तुम्हाला काही काम नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, सगळं याच आठवड्यात नवीन टाकलंय." पॉइंट म्हणजे स्पार्कसाठी उघडमिट करणारा छोटा स्विच. मी गॅप मोजायची पट्टी, फीलर गेज, लावून बघितलं. पॉइंटची गॅप ०.०१५ इंच, जशी हवी तशी. टायमिंगही जागच्या जागी. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

शनिवारी सकाळी निघालो. आमचा नियम साधा आहे: मागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे, आणि वळायचं असेल तिथे मागचा दिसेपर्यंत थांबायचं. त्यामुळे नकाशा एकाकडे असला तरी भागतं. मला शेवटून सगळा ताफा दिसतो, हा या कामातला फायदा. ई-टाइपचं लांबलचक नाक वळणावर आधी निघून जातं आणि चालवणारा मागून येतो. एलान तर रस्त्याला चिकटून, जेमतेम कंबरेएवढी; मोठ्या गाड्यांच्या मधून ती दिसेनाशी झाली की माझ्या पोटात गोळा येतो.

ऊन तापायला लागलं तसा चढ सुरू झाला. अर्धा चढ झाला असेल, एमजीबीने आचका दिला. मग दुसरा. मागच्या पाइपातून दोन-तीन मोठे फटाके फुटले आणि गाडी हळूहळू कडेला जाऊन थांबली.

मी पोचेपर्यंत बॉनेट उघडून निकाल लागलेलाही होता. २४०झेडवाले काका, वयाने आणि अनुभवाने आमच्यात सगळ्यात मोठे, ठामपणे म्हणाले, "अगं, पेट्रोल उकळतंय. व्हेपर लॉक." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

काकांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. एमजीबीचे कार्बोरेटर बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेले असतात. चढावर वेग कमी, वारा कमी, बॉनेटखाली भट्टी. त्यात हल्लीचं पेट्रोल या इंजिनांच्या काळातल्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ धरतं. पेट्रोलची वाफ झाली की गाडी मरते आणि गार झाली की सुरू होते. अडचण एवढीच, की इग्निशनच्या एखाद्या भागाचं इन्सुलेशन उष्णतेने दगा देत असेल, तरी गाडी अगदी तसंच करते. दोन्ही आजारांची बाहेरची लक्षणं एक, म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माणसं कायम पेट्रोलला धरतात. पेट्रोल दिसतं, वास येतो. करंट दिसत नाही.

मी मालकांना दोनच गोष्टी विचारल्या. "बंद पडताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला, की गाडीबरोबर हळूहळू उतरला?" हळूहळू, ते म्हणाले. या मॉडेलचा आरपीएम मीटर विजेवर चालतो आणि स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या लो व्होल्टेज बाजूवरून मोजतो. ती बाजू तुटली असती तर गाडी पळत असतानाच काटा मेला असता. म्हणजे पॉइंट आणि लो व्होल्टेजच्या वायरी आपलं काम करत होत्या. दुसरा प्रश्न: "आवाज कुठून आले?" ते मलाही माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं होतं. मागच्या पाइपातून. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन बहुधा कार्बोरेटरमधून शिंकतं. मागे फटाके फुटतात ते न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये गेल्यावर. आणि न जळलेलं पेट्रोल मागे जातंय, याचा अर्थ ते पुढून येतंय.

मग इग्निशन चालू केलं आणि सगळ्यांना गप्प केलं. उजव्या मागच्या चाकाजवळून पंपाची टिक-टिक-टिक आली आणि थांबली. कार्बोरेटरचे चेंबर भरलेले असले की पंप असाच थांबतो. पेट्रोल पोचत नसतं किंवा पाइपात वाफ असती तर तो टिकटिकत राहिला असता. तापलेल्या एक्झॉस्टच्या वर पाइप सोडून बघायची माझी तयारी नव्हती, गरजही नव्हती. एक प्लग काढला. ओला होता, पेट्रोलचा वास मारत होता.

"प्लग ओलाय काका."

"ओव्हरफ्लो झाली असेल आता सेल्फ मारून मारून." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या गाडीतून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले आणि पेट्रोलच्या पाइपला ओळीने लावले. हा फार जुना उपाय आहे. लाकूड उष्णता ओढून घेतं म्हणे. रबरी पाइपवर लाकडी चिमट्यांनी काय व्हायचं, हा प्रश्न मी गिळला. तोवर इंजिन निवलं होतं. मालकांनी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली! टाळ्या वाजल्या. काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

पाच-सहा किलोमीटर गेलो. आचका, फटाके, बंद.

यावेळी मी ब्रेक दाबायच्या आधीच ओरडत होते, "बॉनेट लगेच उघडा, गार होऊ देऊ नका!" असल्या बिघाडात मेलेली गाडी हाताशी असते तेवढाच काळ आपला. दहा मिनिटांनी ती उठून बसली, की तपासायला काही उरत नाही.

प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा काढून कॅप बाजूला केली. आधी कॉइलकडून येणारी जाड वायर पक्कडीने ब्लॉकपासून चार-पाच मिलिमीटरवर धरली आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडला. जाड, निळा स्पार्क. म्हणजे कॉइल बरी, पॉइंट बरे, कंडेन्सर बरा. इथवर येऊन बरेच जण "करंट आहे" म्हणून कॅप लावून टाकतात. पण तो करंट अजून प्लगपर्यंत गेलेला नसतो. मधे रोटर असतो, बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, वर पितळेची पट्टी. फिरता फिरता तो कॉइलचा करंट एकेका प्लगच्या वाटेवर सोडतो. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला शंभर वेळा. त्याच्या पोटातून डिस्ट्रिब्युटरची लोखंडी दांडी जाते आणि ती दांडी अर्थला असते. वर हजारो व्होल्ट, खाली अर्थ, आणि मधे काही मिलिमीटर प्लॅस्टिक.

तीच जाड वायर आता रोटरच्या पितळी पट्टीवर अधांतरी धरली. रोटर धड असेल तर तिथून करंटला जायला वाटच नाही, त्यामुळे स्पार्क पडायला नको. पडलाच तर एखादा पुसट. उन्हात काही दिसेना. मिजेटवाल्या मुलाने जॅकेट काढून दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर धरलं. पॉइंट उघडला. चट! पुन्हा उघडला, पुन्हा चट. पितळेवर जांभळट काडीसारखा स्पार्क, दर वेळी, न चुकता. सगळा करंट रोटर फोडून दांडीत उतरत होता.

"बघा काका." त्यांनी चष्मा पुसला आणि बघितलं. मी आणखी तीनदा करून दाखवलं.

रोटर ओढून काढला. पट्टी बसवायला वरून एक रिव्हेट मारलेला, आणि आतल्या बाजूला, बरोबर रिव्हेटच्या खाली, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. या रोटरचं हे दुखणं नवीन नाही. जुन्यांमध्ये पट्टी प्लॅस्टिकमध्येच ओतून बसवलेली असे. स्वस्तात बनवताना कुणीतरी रिव्हेट मारला आणि पितळ आणि दांडी यांच्यातलं अंतर खाऊन टाकलं. थंड असताना चालतं, गरम झालं की वाट सापडते. एकदा वाट पडली की दर वेळी तिथूनच. या गाड्या बंद पडल्या की त्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या नावाने बोटं मोडायची आणि अंधाराचे विनोद सांगायची प्रथा आहे. मला ती अन्यायाची वाटते. बऱ्याचदा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो, नाहीतर असल्या बिननावाच्या नकलेचा.

"जुना रोटर कुठाय?" मी मालकांना विचारलं.

"टाकून दिला. नवीन घातल्यावर तो कशाला ठेवायचा?"

"चालत होता का?"

"हो, चालत होता ना."

त्यांच्याकडे एक जादाचा होता, कोरा, पाकिटात. पाकीट फोडलं, तर तसाच काळा, तसाच रिव्हेट. मी तो परत पाकिटात घातला. इथे मिजेट कामाला आली. तिच्या पोटातही त्याच २५डी मॉडेलचा डिस्ट्रिब्युटर. त्या मुलाच्या हत्यारांच्या तळाशी, गाडीबरोबर आधीच्या मालकाकडून आलेल्या एका पत्र्याच्या डबीत, नटबोल्टांच्या गर्दीत एक तपकिरी रोटर पडला होता. टोक जळून करपलेलं, पण रिव्हेट नाही. टोकावर दोनदा बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुसला, बसवला. वायर धरली, पॉइंट उघडला. काही नाही. पुन्हा उघडला. काही नाही. रस्त्यावर इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. कॅप लावली, सेल्फ मारला, तापलेलं इंजिन तसंच धडधडत उभं राहिलं आणि उरलेला चढ एका दमात चढून गेलं.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर आराम करायचा होता, पण बातमी पसरली होती. हात धुवायच्या आत टीआर४ आणि एलान माझ्यासमोर बॉनेट उघडून उभ्या. दोन्हीत त्याच जातीचा रोटर बसतो. एलानमध्ये रिव्हेट नसलेला, लाल रंगाचा निघाला. मालकाला त्याचा पत्ताच नव्हता, कुणा शहाण्या मेकॅनिकने केव्हाच बदलून ठेवलेला. टीआर४ मध्ये मात्र काळा, रिव्हेटवाला. इंजिन नुकतंच बंद केलेलं, गरम. तरी तपासणीत स्पार्क एकदाही पडला नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, बदलून टाका ना." बदलायला होतं काय? डबीतला एकुलता एक तपकिरी एमजीबीत गेला होता. मी सांगितलं, आज धड आहे, उद्या माझ्या पुढेच राहा, आणि परत गेल्यावर बिनरिव्हेटचा घाला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं सकाळी कळलं.

रविवारी त्या दिवसभर माझ्या नाकासमोर होत्या. तोच उतार, मग लांबलचक सपाट रस्ता, दुपारचं ऊन. टीआर४ एकदाही मिसिंग झाली नाही. एमजीबीही नाही. परतीच्या शेवटच्या थांब्यावर पाणी बघायला म्हणून मी एमजीबीचं बॉनेट उघडलं, तर पेट्रोलच्या पाइपवर चिमटे ओळीने लावलेले. मी काढायला हात घातला, तर काका मागून म्हणाले, "राहू दे गं. त्यांच्यामुळेच आलीय एवढ्या लांब."