भाकरी, वॉर्ड आणि प्रभूची प्रार्थना

माझ्या शाळेने मला दिलेल्या ज्या गोष्टीचा पुढे सर्वाधिक उपयोग झाला, ती कोणत्याही विषयाच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. हातातले काम न थांबवता प्रार्थना करण्याची सवय मला बोर्डिंगमध्ये लागली.

मी बोर्डिंगला आले ते 1972 च्या दुष्काळात. नगर जिल्ह्यातील विहिरी आटल्या होत्या, ताटात मिलोची, म्हणजे तांबड्या ज्वारीची, भाकरी येई आणि पाण्याचा प्रत्येक तांब्या जपून वापरावा लागे. सकाळ-संध्याकाळची उपासना कधी चुकत नसे. पण आमच्या बोर्डिंगच्या बाईंचा कटाक्ष वेगळाच होता. उपासनेत डोळे मिटून गहिवरणारी मुलगी पाण्याचे पिंप न घासताच आली असेल, तर बाई शांतपणे म्हणत, "तुझी प्रार्थना अजून पिंपातच आहे, आधी ती घासून आण." योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटचा अध्याय त्यांना विशेष प्रिय होता. रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित प्रभू येशू तिबिर्याच्या समुद्रकाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो, एवढे वाचून त्या बायबल मिटत आणि ज्यांची पाळी असेल त्यांना चुलीकडे पाठवत.

ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी मी प्रथम ऐकले तेही शाळेच्या चॅपेलमध्येच, पाळकसाहेबांच्या तोंडून. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात अनेक वर्षे स्वयंपाकघर सांभाळणारे आणि 1691 मध्ये वारलेले हे साधे बंधू मुळात सैनिक होते व पायाने अधू होते. मठासाठी द्राक्षारस आणायला त्यांना दूर पाठवले, तेव्हा नावेत धड चालता येईना म्हणून ते पिंपांवरून अंग घरंगळवत पुढे सरकले, हे ऐकून आम्ही खूप हसलो होतो. त्यांना स्वयंपाकाची मनापासून नावड होती, हे मात्र मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळले आणि त्यानंतरच ते मला जवळचे वाटू लागले. आवडीच्या कामात देव आठवणे फारसे अवघड नसते. त्याच सुमारास आमचे मराठीचे सर, जे स्वतः वारकरी घराण्यातले होते, वर्गात अरणच्या सावता माळ्यांविषयी शिकवत होते. मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहणारे सावतोबा आणि भांडी घासताना ख्रिस्ताशी बोलणारे लॉरेन्स यांची माझ्या मनात तेव्हाच गाठ पडली. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या नगरात ही गाठ कोणाला खटकण्याचे कारणही नव्हते.

पुढे मी परिचारिका झाले. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ड्रेसिंगपूर्वी साबणाने हात धुण्याची जी पद्धत आहे, तिला चाळीस ते साठ सेकंद लागतात. सावकाश म्हटली तर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना त्यात आरामात बसते. घड्याळाकडे पाहण्याऐवजी मी ती म्हणू लागले. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" येईपर्यंत बोटांच्या बेचक्या धुऊन होत. दर वेळी मन भरून येई असे मुळीच नाही. कित्येक रात्री शब्द नुसते ओठांवर असत आणि लक्ष संपत आलेल्या सलाईनकडे असे. तरीही त्या मिनिटानंतर मी ज्या खाटेकडे जाई, तिथला माणूस माझ्यासाठी केवळ खाटेचा क्रमांक राहत नसे. देवाची जवळीक म्हणून मी जे ओळखते ते एवढेच आहे.

‘काम हीच पूजा’ असे लिहिलेल्या पाट्यांचा मला मात्र थोडा राग येतो, कारण बहुधा त्या इतरांकडून काम करून घेणाऱ्यांनी लावलेल्या असतात. दमलेल्या माणसाची विश्रांती हिरावून घ्यायला देवाचे नाव वापरू नये. शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञाही त्याचीच आहे. शिवाय कामात देव भेटतो म्हणून रविवारची उपासना टाळणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मंडळीत म्हटलेली प्रार्थना पाठ होती, म्हणूनच ती मला नळाखाली आठवली.

निवृत्तीनंतर उलटीच अडचण आली आहे. ड्युटी होती तेव्हा दिवसाचे तास ठरलेले होते आणि प्रार्थना त्यांच्याबरोबर आपोआप येत असे. आता वेळ भरपूर असूनही मन कुठल्या कुठे जाते. भटकलेल्या मनावर चिडू नये, त्याला हळूच परत आणावे, असा लॉरेन्स यांचा सल्ला आहे आणि तो पाळणे मला अजून जड जाते. सध्या सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर एक स्तोत्र आणि नातवाचा डबा भरताना त्याच्या वर्गातल्या मुलांसाठी प्रार्थना, एवढे जमवले आहे. दुपारचे अजून काही बसलेले नाही.