आमची वाटचाल : पातेल्यातल्या शुगरपासून

रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली १९९८ला, शहाद्यात, बसस्टँडजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात. सामान काय तर एक मायक्रोस्कोप, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवायचं यंत्र), जुना कलरीमीटर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आणि घरनं आणलेलं स्टीलचं पातेलं. पातेल्याची थट्टा नाय करत, शुगर त्यातच व्हायची. तेव्हा ओ-टोल्युडिन पद्धत होती आमच्याकडे, सिरममध्ये (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधलं, म्हणजे व्हिनेगरच्या कडक अ‍ॅसिडमधलं, रिएजंट (रंग आणणारं रसायन) टाकायचं, ट्यूबा उकळत्या पाण्यात धरायच्या, गार करायच्या, हिरवा रंग आला की लाल फिल्टर लावून रीडिंग. जेवढी शुगर तेवढा गडद हिरवा. वास असा सुटायचा की शेजारचा झेरॉक्सवाला रोज विचारायचा, काय भाऊ, आज पण लोणचं घातलं का? आणि हे टोल्युडिन कॅन्सरकारक आहे हे कळेपर्यंत आम्ही ते तोंडाने पिपेट करून मोकळे झालेलो.

लघवीतली शुगर बेनेडिक्टने. पाच मिली निळं द्रावण, आठ थेंब लघवी, उकळी. निळंच राहिलं तर निल, म्हणजे शुगर नाय, मग हिरवं, पिवळं, केशरी आणि शेवटी विटकरी. पेशंटला ट्यूब दाखवली की त्याला रिपोर्ट वाचायची गरजच नसायची. आता लघवीत बुडवायची काडी टेस्ट आहे, पण बेनेडिक्टची बाटली मी अजून टाकली नाय. काडी फक्त ग्लुकोज पकडते, बेनेडिक्ट कुठलीही रिड्यूसिंग शुगर. तान्ह्या बाळाची लघवी काडीवर निल आणि बेनेडिक्टला पॉझिटिव्ह आली तर गॅलॅक्टोज (दुधातल्या साखरेतून येणारी शुगर) आहे का ते बघायला लागतं, तेव्हा ही जुनी बाटलीच कामाला येते.

पुढे हप्त्यावर सेमी-ऑटो मशीन घेतलं आणि जीओडी-पीओडी, म्हणजे एन्झाइमने शुगर मोजायचं, किट आलं. एक मिली रिएजंट, दहा मायक्रोलिटर सँपल, ३७ डिग्रीला इन्क्युबेट, गुलाबी रंग, ५०५ नॅनोमीटरला रीडिंग, उकळणं नाय की वास नाय. फक्त हे एन्झाइम, त्याला फ्रिज लागतो आणि आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग. मे महिन्यात सकाळी बाटली काढली की रिएजंट आधीच गुलाबी! ब्लँकचाच, म्हणजे सँपल न टाकलेल्या रिएजंटचाच, ओडी (रंगाचं रीडिंग) एवढा यायचा की बाटली बेसिनमध्ये ओतून द्यायची. सौ. हिशोब बघते, तिने त्या वर्षी रिएजंटच्या आधी इन्व्हर्टर घ्यायला लावला.

खरा दणका बसला तो वेगळाच. धडगावला कलेक्शन सुरू केलं होतं, पोरगं सकाळी उपाशीपोटीचे सँपल घ्यायचं आणि प्लेन बल्ब (रक्ताच्या छोट्या बाटल्या, आत काही न टाकलेल्या) काळी-पिवळीत देऊन पाठवायचं, घाट उतरून लॅबला येईपर्यंत चार तास. एक दिवस एका डॉक्टरांचा फोन, "अहो, तुमच्या लॅबची शुगर नेहमी कमी का येते?" त्यांच्या एका पेशंटची फास्टिंग आम्ही ११२ दिली होती, दुसऱ्या लॅबला दुसऱ्या दिवशी १३८. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात, म्हणजे आम्ही माणसाला सरळ घरी पाठवला होता. मी मशीनवर शंका घेतली, स्टँडर्ड (शुगर आधीच माहीत असलेलं द्रावण) लावलं तर बरोबर १००, कंट्रोल म्हणजे मशीन तपासायचं सँपलही रेंजमध्ये, किट नवीन, दोन दिवस डोकं खाजवलं. मग स्वतःचं रक्त काढलं, चार बल्बांत वाटलं आणि टेबलावर ठेवून तासातासाला एक फिरवून लावत गेलो. ९४, ८८, ८२, ७७. कॉलेजात शिकलेलो की पेशी बल्बमध्येही ग्लुकोज खातच राहतात, तासाला ५ ते ७ टक्के, पेपरात लिहिलंसुद्धा होतं, पण समोर रीडिंग उतरताना बघितल्यावर पोटात गोळा आला. असे किती गेले असतील हे मोजायला मी बसलो नाय, खरं सांगतो, हिंमत झाली नाय.

त्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं, म्हटलं सर, चूक आमचीच आहे, सँपल परत घेतो, पैसे नको. दुसऱ्या आठवड्यापासून शुगरला फ्लोराइडचा बल्ब, म्हणजे पेशींना शुगर खाऊ न देणारं रसायन टाकलेला. तोही काय लगेच काम करत नाय, पहिला तास-दोन तास शुगर थोडी उतरतेच, म्हणून जुनं हाताचं सेंट्रिफ्यूज धडगावला पाठवलं, रक्त तिथेच फिरवून प्लाझ्मा (पेशींवरचं पिवळं पाणी) वेगळा करून मगच जीपमध्ये. बल्बवर नाव आणि रक्त काढल्याची वेळ, वेळ नसेल तर सँपल परत. पोरगं सुरुवातीला वैतागलं, आता तेच नवीन पोरांना दम देतं.

एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, आम्ही उशिरा सुरू केली. आमच्या भागात सिकलसेल (लाल पेशी वाकड्या होऊन लवकर फुटायचा आजार) आहे, आणि ज्याच्या लाल पेशी १२० दिवस टिकतच नाहीत त्याची एचबीएवनसी खोटी कमी येते. ५ टक्के बघून खूश व्हायचं आणि फास्टिंग १८० असायची. म्हणून रिपोर्टखाली तशी ओळ टाकतो आणि सोबत फास्टिंग-पीपी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, मागतो. काही लोकांना वाटतं लॅबवाला बिल वाढवतोय, वाटू दे.

आणि उपाशीपोटी म्हणजे काय हे अजून समजवायला लागतं. परवाच एक मावशी म्हणाल्या, काहीच नाय खाल्लं रे, फक्त चहासोबत दोन खारी.

आता सही करायला एमडी डॉक्टर आहेत, ऑटोअ‍ॅनालायझर आहे, दोन गाळे आहेत. मोठं मशीन घ्यायचं चाललंय, पण सौ. म्हणते आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदला.