नऊ अंशांचा तिरपेपणा

नाशिकच्या वडाळा भागातील आमच्या वस्तीची नमाज बरीच वर्षे एका राहत्या घराच्या तळमजल्यावर होत असे. घराच्या भिंती रस्त्याला धरून उभ्या आणि किबला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केतील काबाची दिशा, भलतीकडे, त्यामुळे फरशीवर सफांच्या, म्हणजे नमाजींच्या रांगांच्या, रेषा तिरप्या आखलेल्या होत्या. नवखा माणूस हमखास भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे. पायापासूनच मशीद म्हणून इमारत बांधायचे ठरले, तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा केलेला म्हणून लाइनआउटचे, म्हणजे जमिनीवर इमारतीची आखणी करण्याचे, काम माझ्या गळ्यात पडले.

आपल्याकडे किबला म्हणजे पश्चिम, असे सर्रास धरले जाते. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला, तर नाशिकहून मक्केची दिशा थेट पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे कलते, आणि ५० फुटांच्या भिंतीत हा कल जवळपास ८ फुटांचा होतो. होकायंत्र सळयांच्या ढिगाशेजारी भरकटले, म्हणून आम्ही २८ मेपर्यंत थांबलो. त्या दिवशी आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. ओळंब्याच्या दोरीची सावली जिकडे पडते, त्याच्या नेमक्या उलट दिशेला किबला. असाच योग १६ जुलैलाही येतो, पण नाशिकच्या जुलैत सूर्याचा भरवसा कोणी धरावा? सावलीवर फक्की मारली आणि तीच मधली रेषा ठरली.

प्लॉट आता गुण्यात, म्हणजे इमारतीशी काटकोनात, बसत नाही, ही मिस्त्रींची तक्रार खरी होती. कडेला उरलेल्या त्रिकोणी जागांपैकी एकीत चपलांचे कप्पे गेले, दुसरीत वुजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्याच्या, नळांची ओळ. खांबांनी सफ तुटू नये म्हणून बीमचे गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरे, सफेच्या चार फुटांच्या पटीत घेतले. मला विचाराल तर घुमटापेक्षा हे अधिक महत्त्वाचे, कारण घुमटावाचून नमाजेचे काही अडत नाही. ईदची मोठी नमाज त्र्यंबक रोडच्या शहाजहानी ईदगाह मैदानावर होते, त्यामुळे दालनाचे माप जुम्म्याच्या गर्दीवरून काढले.

पहिल्या जुम्म्याला सरळ सफेत शेजारचे एक चाचा जुन्या सवयीने खांदा तिरका करूनच उभे राहिले. इमाम साहेबांनी मागे वळून सफा नीट करायला सांगितल्या, तेव्हा बाजूच्या मुलाने त्यांना हलकेच सरळ केले.