अडीच हजार फुटांवरचा डेक

आमच्या बेळगावात फौजी शब्दांचे कुणाला नवल वाटत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावातच असल्यामुळे येळ्ळूर, कंग्राळीपासून थेट खानापूरपर्यंत प्रत्येक गल्लीत एखादा तरी पलटणीतला माणूस निघतो, आणि ‘फॉलीन’ (रांगेत उभे राहणे), ‘बडाखाना’ (पलटणीचे सामुदायिक जेवण) हे शब्द घराघरांत भाकरीइतके सहज वावरतात. नौदलातून परतलेला माणूस मात्र विरळा. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या, बंदरापासून घाटाने तोडलेल्या या गावात माझे थोरले काका फरशीला ‘डेक’, स्वयंपाकघराला ‘गॅली’ आणि संडासाला ‘हेड्स’ म्हणत, तेव्हा शेजाऱ्यांना ती ऐट वाटे. लहानपणी मलाही तसेच वाटत असे.

काका १९७८ साली नौदलात भरती झाले आणि पंधरा वर्षांची नोकरी करून परतले. त्यांतली काही वर्षे त्यांनी पहिल्या ‘विक्रांत’वर काढली, जी पुढे १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली. परतल्यावर त्यांनी शहापुरात मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले. सकाळी दहाच्या चहाला ते ‘स्टँड ईझी’ म्हणत, कारण जहाजावर त्या सुमाराला कामातून थोडी मोकळीक मिळते. काकूंना तो शब्द कधी पुरता जमला नाही, पण ‘ईजीचा चहा टाकू काय?’ असे त्या विचारत, आणि आमच्या घरात आजही तो चहा ईजीचाच आहे. शनिवारी दुपारी शटर अर्धे ओढून काका शर्टाच्या गुंड्या स्वतः लावत बसत. शिडांच्या जहाजांच्या काळात खलाशांना कपडे शिवण्या-सांधण्यासाठी जी अर्धी सुटी मिळे तिला ‘मेक अँड मेंड’ म्हणत, आणि पुढे कोणत्याही अर्ध्या सुटीला तेच नाव पडले. काकांच्या हातात मात्र त्या दिवशी खरोखरच सुईदोरा असे. याचे मला फार अप्रूप वाटते.

काकांच्या जोडीला कट्ट्यावर सारंगकाका येऊन बसत. ते मूळचे कारवारकडचे. मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून सुरुवात करून ते सारंग झाले होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. काकांचे शब्द इंग्रजी आरमाराचे, तर यांचे शब्द त्याहून मिश्र. सारंग हा मूळचा फारसी ‘सरहंग’, आणि ‘सुकाणी’ म्हणजे सुकाणू धरणारा, ज्यातले सुकाणू अरबीतून आले. वर्तमानपत्रांतल्या ‘सुकाणू समिती’तही तोच शब्द बसला आहे, हे मला सारंगकाकांमुळे सुचले. अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बोली यांची ही खिचडी इतकी कामाची होती, की थॉमस रोबक यांनी १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दांचा कोश छापला.

एकदा येळ्ळूरच्या एका शेतात विहिरीत मोटार सोडायची होती. तिवईला चेनपुली बांधली होती, चार गडी साखळीला होते आणि काका काठावर उभे राहून ‘लोअर अवे’, म्हणजे खाली सोडा, म्हणत होते. गडी गोंधळले. एकाने खाली सोडले, दुसऱ्याने ओढले आणि मोटार विहिरीच्या भिंतीला घासली. तेव्हा सारंगकाका पुढे झाले आणि हात वर करून म्हणाले, ‘हापीस!’ म्हणजे ओढा. मग हात खाली करून, लांबवून, ‘आ...रि...या’, म्हणजे हळूहळू सोडा. हा ‘आरिया’ पोर्तुगीज ‘आरिआर’पासून आला आहे. गड्यांना यातले काही ठाऊक नव्हते. पण दोन शब्दांचे आवाज एकमेकांपासून इतके वेगळे होते, की विहिरीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसालाही घोळ करता येईना. एक गडी म्हणाला, ‘मालक, तुमचं ते इंग्रजी ऱ्हाऊ दे, मामांचं आरिया बरं पडतंय की.’ काकांनी ते मनापासून मान्य केले. वाऱ्यात, इंजिनाच्या घरघरीत दुरून ऐकू यावा आणि त्याचा एकच अर्थ निघावा म्हणून जहाजावरचा शब्द घासून घासून तयार झालेला असतो, हे त्यांनी मला त्या दिवशी परतताना समजावून सांगितले. डावे-उजवे तोंड फिरवले की बदलते, पण ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावरच्या डाव्या आणि उजव्या बाजू, बदलत नाहीत, म्हणून जहाजावर त्यांचाच भरवसा.

पण मला ते पुरते पटले आजीच्या आजारपणात. ऐन आषाढात खानापूरकडच्या आमच्या जुन्या घरात ती घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. पहिल्या दोन रात्री आम्ही सगळेच जागलो आणि पहाटे सगळेच झोपलो. औषध चुकले, अंथरूण ओले राहिले. तिसऱ्या दिवशी काका आले. काकूंकडे ‘गॅली’ होती म्हणून त्यांना वगळून काका, आत्या आणि मी अशा तिघांत त्यांनी चोवीस तासांच्या ‘वॉच’ वाटल्या. चार-चार तासांच्या सहा पाळ्या केल्या असत्या तर मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच वाट्याला आली असती. जहाजावर संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन तुकडे करतात, त्यांना ‘डॉग वॉच’ म्हणतात. त्यामुळे पाळ्या सात होतात आणि रोज सरकत जातात. बारा ते चारची ‘मिडल वॉच’ मला तीन रात्रींतून एकदाच आली.

नियम असा होता, की पुढच्याने पाच मिनिटे आधी उठून यायचे आणि काय काय ताब्यात घेतले ते मोठ्याने परत म्हणायचे. तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही. उशीर झाला तर तो माणूस ‘अड्रिफ्ट’, दोर तुटून वाहवलेला. उशाशी दोनशे पानी वही होती, तिला ‘लॉग’ म्हणायचे. ती माझ्याकडे आहे. काकांच्या ठसठशीत अक्षरात एका पानावर लिहिले आहे : ‘०४००. आई शांत. डावी कूस. पाणी दोन चमचे. पाऊस जोरात. ताबा दिला.’ खाली माझे वेडेवाकडे अक्षर : ‘ताबा घेतला.’ एकोणीस रात्रींत एकही औषध चुकले नाही आणि आजीच्या पाठीला एकही फोड आला नाही. विसाव्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि तिने पेज मागितली.

तेव्हापासून मी त्या वहीच्या मागच्या पानांवर दोघांचे शब्द उतरवून ठेवते आहे. नौदलात आता नवी मुले जातात, त्यांच्याकडून हे शब्द पुढे चालतील. पण सारंगकाकांचे शब्द त्यांच्या घरात कुणी बोलत नाही. मुलगा बंगळूरला, नातवंडांना समुद्र सहलीपुरता. म्हणून मी त्यांना दर रविवारी तास-दीड तास बसवते. ते कंटाळत नाहीत, उलट मला उशीर झाला तर फोन करतात.

गुडघ्यांमुळे काकांना आता जिना उतरता येत नाही. यंदा चतुर्थीला आरतीसाठी त्यांना माडीवरून खाली आणायचे ठरले. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलले. सारंगकाका, वय ऐंशीच्या पुढे, जिन्याच्या तळाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी मोकळा हात खाली करत आवाज लांबवला, ‘आ...रि...या’, आणि पायरी-पायरीने खुर्ची खाली येऊ लागली. मधल्या वळणावर काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, ‘पोर्टची बाजू जरा वर घ्या रे.’ माझ्या चुलतभावाने, एक क्षणही न अडखळता, डावी बाजू उचलली.