दोन खाचांची मादी

मी मालवणजवळच्या देवबागचा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो, त्याला अकरा हंगाम झाले. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. पाठीवर उंचवटा असलेली, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारी ही जात. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी मासळी असते, म्हणून सकाळी गादे तिथे येतात.

फेब्रुवारीतली सकाळ. मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा, पडत आला होता. होडीत कोल्हापूरचं एक कुटुंब, आजी धरून सहा जण. नदीमुखापलीकडच्या भोगवे गावाच्या बाजूला पहिली पाठ दिसली आणि मी ती लगेच ओळखली. पाठीवरच्या पंखाच्या मागच्या कडेला दोन खाचा, एक खोल, एक उथळ. अशा खाचांवरून एकेक गादा वेगळा ओळखता येतो, हे इथे अभ्यासाला आलेल्या मुलांनी मला शिकवलं. तेव्हापासून मी वही ठेवतो. ही मादी त्या वहीत चार वर्षं आहे.

आज ती नीट बुडी मारत नव्हती. फुस्स करून श्वास घ्यायची, हातभर खाली जायची, लगेच वर. तोंडाशी काहीतरी करडं होतं. मला वाटलं मोठा मासा असेल. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा असलेला खलाशी हळूच म्हणाला, "दादा, ता पिल्लू हा. हलणा नाय."

मी मशीन बंद केली.

पिल्लू जेमतेम मीटरभर. ते घसरून बुडायला लागलं की ती खालून तोंडाने पुन्हा वर उचलायची. मेलेलं पिल्लू गादे असं तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस वाहतात, हे ऐकून होतो. जवळजवळ वर्षभर पोटात वाढवायचं, आणि एका पिल्लानंतर दुसरं व्हायला साधारण तीन वर्षं जातात.

तेवढ्यात मागून तीन होड्या आल्या. एकाला दिसलं की सगळे तिथेच धावतात, ही आमची रोजची रीत. मीही कित्येक वर्षं तेच केलंय. एक होडी थेट तिच्या वाटेत शिरली. ती वळली आणि पिल्लू सुटलं. ती त्याच्यामागे खाली गेली. गादे आवाजावर वाट आणि भक्ष्य शोधतात. तीन मशिनींच्या घरघराटात तिला काय ऐकू येत असेल? मी उभा राहून ओरडलो, "मशीन बंद करा रे! पिल्लू मेलाहा तिचा!"

दोघांनी लगेच बंद केली. तिसऱ्याने आधी आपल्या माणसांकडे पाहिलं, मग बंद केली. एकही फोन वर नव्हता. आजींनी हात जोडले होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ती वर आली तेव्हा पिल्लू तोंडावर होतं. ती निवतीच्या दिशेने निघाली, हळूहळू. आम्ही कोणीच मागे गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पर्यटक न घेता गेलो. भोगव्यासमोर पाच गादे होते. चौथ्या पाठीला त्या दोन खाचा. दोनदा वर आली, तोंड मोकळं होतं, मग खोल बुडी मारली. मी वल्ही आत ओढून, ऊन वर येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.