तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीला किती दिवस लागतात?

आमच्याकडे राहायला उतरलेली माणसं पहिल्या सकाळी चहाला ओटीवर येतात ती बहुतेक वेळा गोधडी अंगाभोवती गुंडाळूनच. आंजर्ल्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगला गारठा असतो. समुद्र बघायला निघालेल्या माणसाला कोकणातही थंडी वाजते हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे स्वेटर पुण्यात आणि माणूस इथे. चहाचा कप खाली ठेवताना हात गोधडीवरून फिरतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "काकू, अशी एक शिवायला किती दिवस लागतात हो?"

या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. तव्यावर घावन असलं तर 'पंधरा दिवस' म्हणून मोकळी होते. समोरची व्यक्ती आता किंमत विचारणार असं दिसलं तर 'दोन महिने'. आणि अगदीच निवांत असले तर 'अकरा वर्षं'. तिसरं उत्तर ऐकून सगळे हसतात, काकू थट्टा करतायत असं वाटतं त्यांना. परवा एक ताई निघताना रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "काकू, खरं काय ते सांगाच हं कधीतरी." तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिन्ही उत्तरं खरी आहेत.

पंधरा दिवसांचा हिशेब सोपा. माझी गोधडी पाच फूट बाय सात फूट. टाक्यांच्या दोन ओळींत अंतर एका बोटाचं, म्हणजे पाऊण इंच. पाच फुटांत बसतात ८० ओळी आणि एकेक ओळ सात फुटांची. सगळा मिळून ५६० फूट धावदोरा. मध्ये कुणी हाक मारली नाही तर एका ओळीला मला वीस मिनिटं लागतात. म्हणजे झाले साधारण २७ तास. दुपारची जेवणं उरकून, भांडी पालथी घालून रोज दोन तास मिळाले तर पंधरवड्यात टाके संपतात. हा गुणाकार मुलाने मोबाईलवर करून दिला. मी जन्मात कधी ओळी मोजल्या नव्हत्या. मोजून झाल्यावर दोन दिवस सुई हातात धरवेना.

यात तयारी धरलेली नाही. जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी आधी उन्हात घालायच्या, धागा कुठे विरलाय ते उजेडासमोर धरून बघायचं, विरलेला भाग आतल्या थरात आणि धड भाग वर. अस्तराला नवा मांजरपाट आणला तर तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा. खळ निघून जाते आणि कापडाला जे आटायचंय ते आधीच आटून घेतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सासूबाईंनी दोनदा सांगितलं होतं. तरी लग्नानंतरच्या पहिल्या गोधडीला मी कोरा मांजरपाट तसाच लावला. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरची लुगडी होती तेवढीच राहिली, आणि गोधडी तळलेल्या पापडासारखी वळली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त ती गोधडी त्यांनी मांजराला दिली.

सिंथेटिक साडी शक्यतो घेऊ नका. वरून दिसते छान, पण घाम टिपत नाही, आतल्या थरावरून सारखी सरकते, आणि दुपारभर घातलेल्या ओळी संध्याकाळी बघाव्यात तर मधे हा एवढा फुगा. लाल कापड नवं असेल तर एकटंच भिजवून बघा, रंग सोडतं.

"मशीनवर का नाही मारत?" हा पाठोपाठ येणारा प्रश्न. मशीनवर एका दिवसात होते, खरं आहे. पण मशीनची टीप दोन्ही बाजूंनी दोरा आवळून धरते. विरलेलं लुगडं तेवढा ताण सोसत नाही, वर्षा-दोन वर्षांत टिपेच्या रेघेवरच फाटायला लागतं. हातचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर थोडा हलतो. धुताना तर हे चांगलंच कळतं. ओली गोधडी किती जड होते ते एकदा उचलून बघा. आम्ही दोघी दोन टोकांना धरून पिळतो, आणि सगळा पीळ त्या दोऱ्यावर येतो.

आता दोन महिन्यांचं उत्तर. ओळी संपल्या म्हणजे गोधडी झाली असं सगळ्यांना वाटतं. ती तिथेच अडते. चारी बाजूंनी थर उघडे असतात, कुठे चादरीची दशी लोंबते, कुठे धोतराचं टोक अर्धा इंच बाहेर. त्यांना गोट, म्हणजे कडेभोवती दुमडून शिवायची पट्टी, लावायचा बाकी असतो. माझ्या ओळखीत निदान सहा घरं अशी आहेत जिथे टाके घालून तयार गोधडी कपाटात आहे आणि गोट नाही. कारण साधं आहे. मधले टाके घालताना गप्पा मारता येतात, टीव्ही बघता येतो, हात आपला आपण चालतो. कडेला पाच-सहा थर आणि त्यावर दुमडलेला गोट, सुई शिरत नाही, अंगठा दुखतो, आणि नजर काढता येत नाही. मी बोटात धातूची टोपी घालते तरी दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना कळ येतेच.

गोटाला मी लुगड्याचा काठच वापरते. लुगडं अंगात विरतं, काठ मात्र शेवटपर्यंत टिकतो, कारण तो दाट विणलेला असतो. आणि गंमत बघा, नऊवारीचा एक काठ नऊ वार म्हणजे २७ फूट. पाच बाय सातच्या गोधडीचा घेर २४ फूट. चार कोपरे मोडून आणि शेवटचा सांधा घालून हातभर काठ उरतो. एका लुगड्याला काठ दोन, म्हणजे दोन गोधड्यांची सोय. ज्यांनी लुगड्याची लांबी ठरवली त्यांच्या डोक्यात गोधडी नसणार, पण माझ्या डोक्यात ते तसंच बसलंय. सहावारीचा काठ १८ फुटांतच संपतो, मग दुसरा जोडत बसावं लागतं.

कोपऱ्यांचं एक वेगळंच. कारवारच्या वर घाटात, हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका गोधड्या करतात, त्याला तिकडे कौदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घेत मध्याकडे येतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान लहान फुलं शिवतात. फुलं नसतील तर कौदी नागडी, असं त्या म्हणतात. मी आडव्या ओळी घालणारी, फुलं मला जमत नाहीत. एकदा करून बघितली तर ती फुलं कमी आणि मोदकाच्या बिघडलेल्या पाऱ्या जास्त दिसायला लागली.

आमच्या घरात फुलांऐवजी तांदूळ होते. सासूबाई शेवटचा कोपरा बंद करण्याआधी थरांच्या आत चार दाणे टाकायच्या. "पांघरूण उपाशी नको," म्हणायच्या. मी काही वर्षं पाळलं, मग एका पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून सोंडे निघाले आणि मी हळदीच्या बोटावर भागवायला लागले.

आणि आता अकरा वर्षं.

सासूबाईंनी त्यांची शेवटची गोधडी २००९ च्या उन्हाळ्यात अंथरली. मोतीबिंदू होता, तरी बोटांनी चाचपून ओळ सरळ ठेवायच्या. निम्म्याहून थोडी जास्त झाली असेल. मग पाऊस आला, लावणी आली, चतुर्थीला मुंबईची सगळी माणसं आली आणि गोधडी तात्पुरती म्हणून ट्रंकेत गेली. त्या पुढच्या वर्षी गेल्या. ट्रंक माळ्यावर राहिली. मला आठवत नव्हतं असं सांगितलं तर खोटं होईल. दर वैशाखात माळा झाडताना ती ट्रंक मी एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते आमच्या वरच्या अंगाला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण वाऱ्याने इथेही काही शिल्लक ठेवलं नाही. दुपारभर सुपाऱ्या मोडल्याचे आवाज येत होते. आमची मागच्या बाजूची कौलं गेली आणि माळ्यावरचं सगळं भिजलं. ऊन पडलं तसं जे हाताला लागलं ते गडग्यावर वाळत घातलं: गाद्या, मुलांची जुनी दप्तरं, लग्नातले अल्बम. त्यात ट्रंक उघडली.

सुई कापडातच होती. सासूबाईंनी ओळ अर्धी टाकून, हातचं काम ठेवताना खोचतो तशी खोचून ठेवलेली, नाकात निळा दोरा तसाच. खाऱ्या हवेत अकरा पावसाळे काढून ती कापडाला धरून बसली होती. हलक्या हाताने ओढली तर मधोमध तुटली. खाली तपकिरी डाग, सुईएवढाच लांब, टोकाशी बारीक होत गेलेला, सुईचं चित्र काढल्यासारखा. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं. फिकट झाला, गेला नाही. (तेव्हापासून माझ्या सुया मी टाल्कम पावडरीच्या डब्यात ठेवते. समुद्राजवळ राहत असाल तर तुम्हीही ठेवा, गंज बराच लांब राहतो.)

वीज यायला कित्येक आठवडे लागले. पंखा नाही, टीव्ही नाही, पाहुणे तर त्या वर्षी नव्हतेच. दुपारी पडवीत बसून मी ती गोधडी पुढे न्यायला घेतली. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा गव्हाच्या. पहिल्या दोन ओळी मी त्यांच्यासारख्या घालायला गेले. एका ओळीला पाऊण तास लागला, मान धरली आणि ओळ तरी सरळ कुठे आली? तिसऱ्या ओळीपासून माझाच टाका घातला. दोराही निळा मिळाला नाही, दापोलीची दुकानं बंद, घरात होता तो हिरवा वापरला. त्यामुळे त्या कुठे थांबल्या आणि मी कुठे सुरू केलं ते लांबूनही दिसतं. जाऊबाईंना ते आवडलं नाही. "उसवून एकसारखं कर की," म्हणाल्या. त्यांचे टाके उसवायला माझा हात धजला नाही, आणि माझे उसवायचा कंटाळा आला.

गोट त्यांच्याच लुगड्याच्या काठाचा लावला. चौथ्या कोपऱ्याशी आले तेव्हा तांदूळ आठवले. सोंड्यांचं काय व्हायचं ते होवो, यात टाकायचेच असं ठरवलं. पण घरातले तांदूळ भिजून आंबले होते. शेजारच्या वहिनींकडे गेले, म्हटलं चार दाणे हवेत. त्यांना वाटलं मी संकोचाने कमी मागतेय. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पदरात दोन शेर ओतले आणि वर दोन नारळ ठेवले. खरं कारण सांगायचा धीर झाला नाही. चार दाणे कोपऱ्यात गेले, उरलेल्यांचा रात्री भात केला.

तर ताई, अकरा वर्षं ती. टाक्यांचे दिवस मोजले तर वीससुद्धा भरणार नाहीत.

ती तुमच्या खोलीत नव्हती, मी पाहुण्यांना देत नाही. ती आमच्या ह्यांच्या अंगावर असते. डाग कसला हे त्यांनी एकदाच विचारलं, सांगितल्यावर बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत बसले. मी रात्री अंथरूण घालताना त्यांच्या आईच्या टाक्यांची बाजू वर, छातीशी येईल अशी घालते. माणूस झोपेत इतका लोळतो, की सकाळी बघावं तर ती बाजू पायाशी आणि माझे हिरवे टाके त्यांच्या नाकाशी.